प्राण्यांच्या दवाखान्यासाठी दातांचं एक्स-रे मशीन: चार महिन्यांच्या नोंदी

१२ जानेवारी

घ्यायचंच, हे आज ठरलं.

निमित्त एक मांजर. खालची उजवी उपदाढ, ट्रायडन क्रमांक (प्रत्येक दाताचा ठरलेला तीन आकडी क्रमांक) ४०७. वरून दात ठीक, फक्त हिरडी एका टोकाला लालभडक आणि दातावर थोडी चढलेली. काढायला घेतला तर मूळ आतच तुटलं. आत तुकडा उरलाय, की मूळ आधीच हाडात विरघळून गेलंय, काही कळेना. मग भुलेतलं मांजर नळीसकट उचललं आणि शेजारच्या खोलीत मोठ्या एक्स-रेच्या टेबलावर नेलं. तिथे डावा-उजवा जबडा एकमेकांवर. डोकं तिरकं करून तीनदा फोटो काढला, तेव्हा कुठे धूसर काहीतरी दिसलं. या सगळ्यात ४० मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ मांजर भुलेखाली होतं.

वरून निरोगी दिसणाऱ्या दातांचे एक्स-रे काढले तर ४१.७ टक्के मांजरांत आणि २७.८ टक्के कुत्र्यांत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं काही सापडतं, असं १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आलंय. हे आकडे मला तोंडपाठ होते. तरी इतकी वर्षं "पुढच्या वर्षी बघू" म्हणत काढली.

इथून पुढे नोंदी ठेवतोय. दुसऱ्या कोणाला हेच करायचं असेल तर निदान आमच्या चुका तरी टळतील.

१५ जानेवारी

तीन दिवस रात्री जागून सेन्सरची (तोंडात ठेवून किरण टिपणाऱ्या पट्टीची) माहितीपत्रकं वाचली. कोणाचा पिक्सेल किती मायक्रॉनचा, एका मिलिमीटरमध्ये किती रेषा वेगळ्या दिसतात, याचा मोठा तक्ता केला. सहकारी डॉक्टरांनी तो पाहिला आणि एकच विचारलं, "यातला कुठला सेन्सर आपल्या पेशंटच्या तोंडात मावतो?"

तक्त्यात तो रकानाच नव्हता.

१९ जानेवारी

उलटीकडून सुरुवात केली. गेल्या सहा महिन्यांचं रजिस्टर काढून दातांसाठी भूल दिलेले पेशंट मोजले. एकूण ६१. त्यांत मांजरं २७, कुत्री ३४. कुत्र्यांपैकी २५ किलोच्या वरची ११. एका तासाचं काम, पण पुढचे निम्मे निर्णय याच कागदावरून झाले. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

बजेटही ठरवलं. रक्कम लिहीत नाही, ती जागेप्रमाणे बदलते. एकूण १०० धरून वाटणी लिहीन.

२४ जानेवारी

पुठ्ठ्याचे तुकडे कापले. एक सेन्सरच्या २ नंबरच्या मापाचा (साधारण ३१ बाय ४१ मिमी), एक ४ नंबरचा (५७ बाय ७६ मिमी). आठवडाभर दात साफ करायला आलेल्या प्रत्येक पेशंटच्या तोंडात, भूल चढल्यावर, ते ठेवून बघितले.

मांजराला २ नंबर पुरतो, खालच्या जबड्यात थोडा अडतोच. छोट्या कुत्र्यालाही पुरतो. एका लॅब्रेडॉरच्या वरच्या सुळ्याला मात्र २ नंबर लावला आणि हसूच आलं. सुळ्याचं मूळ बाहेर दिसणाऱ्या दातापेक्षा लांब असतं आणि मागे वळत पहिल्या-दुसऱ्या उपदाढेच्या वर जातं. मुळाचं टोक पुठ्ठ्याच्या बाहेर.

गोची अशी की तारेला जोडलेले, फोटो लगेच पडद्यावर दाखवणारे डिजिटल सेन्सर बहुतेक २ नंबरवरच थांबतात. ४ नंबर हवा असेल तर बहुतेक वेळा फॉस्फर प्लेट (फोटो साठवून ठेवणारी पातळ पट्टी) घ्यावी लागते, आणि ती स्कॅनरमधून काढावी लागते.

आणखी एक चूक इथेच झाली, कळली दोन आठवड्यांनी. पुठ्ठा पातळ असतो, वाकतो. सेन्सर वाकत नाही. पुढे पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून ५-६ मिमी जाडी केली, तेव्हा मांजराच्या तोंडात तो जेमतेम गेला. पुठ्ठा कापणार असाल तर जाडच कापा.

२ फेब्रुवारी

पहिलं प्रात्यक्षिक, हातात धरायच्या मशीनचं. भिंत नको, मशीन धरून ठेवणारा आर्म नको, बॅटरीवर चालतं, खिशालाही परवडतं. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

सहायकाला म्हटलं, तू धरून बघ. तिने लागोपाठ दहा फोटोंची नक्कल केली. सातव्यापासून हात थरथरायला लागला. आमच्याकडे मांजराचे ८ ते १० आणि कुत्र्याचे १२ किंवा जास्त फोटो होणार. त्यात हातातलं मशीन म्हणजे माणूस पेशंटजवळच उभा. दूर जाऊन बटण दाबण्याची सोय हातची जाते. चांगल्या मशीनला आत शिशाचं आवरण आणि तोंडाशी उलट येणारे किरण अडवणारी चकती असते, पण ती चकती पेशंटच्या चेहऱ्याजवळ आणि सरळ धरली तरच उपयोगाची. आम्हाला तर सतत तिरके कोन लागतात. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या काही हातातल्या दंत मशीनांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्ये धोक्याचा इशारा दिला होता, तोही वाचला. घोड्यांसाठी किंवा गावोगाव फिरून काम करणाऱ्यासाठी स्टँडवर लावलेलं असं मशीन सोयीचं असेल. एका जागी बसून रोज काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना नाही.

९ फेब्रुवारी

दुसरं प्रात्यक्षिक, सेन्सर आणि सॉफ्टवेअरचं. विक्रेत्याचा माणूस सोबत माणसाचा प्लास्टिकचा जबडा घेऊन आला. त्यावर फोटो अप्रतिम. त्याला म्हटलं, टेबलावर एक स्पॅनियल भुलेत आहे, तिचा काढूया. तो जरा चाचरला, पण तयार झाला.

तिथे तीन गोष्टी कळल्या. पहिली, सॉफ्टवेअरमधला आराखडा माणसाच्या ३२ दातांचा. कुत्र्याला ४२ दात आणि मांजराला ३०. "नंतर अपडेट येईल" हे उत्तर. येईल तेव्हा येईल. आज फोटो कुठल्या चौकटीत ठेवायचा? दुसरी, फोटो काढताक्षणी सॉफ्टवेअर कडा ठळक करतं. मूळ फोटो दाखवा म्हटल्यावर मेनूत शोधायला त्याला दहा मिनिटं लागली. ठळक केलेल्या फोटोत मुळाभोवतीची फट खऱ्यापेक्षा रुंद वाटत होती. तिसरी, फोटो डायकॉममध्ये (वैद्यकीय फोटोंच्या सगळीकडे चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये) बाहेर काढता येतो का? येतो, पण त्याचे वेगळे पैसे.

रेषांच्या त्या प्रसिद्ध आकड्यांचं म्हणाल, तर दोन वेगवेगळ्या सेन्सरांचे फोटो नावं झाकून आम्ही तिघांनी बघितले. कोणाला फरक सांगता आला नाही.

१६ फेब्रुवारी

तिसरं, फॉस्फर प्लेट आणि स्कॅनर. ४ नंबरच्या प्लेटवर रॉटवायलरचा सुळा टोकापासून टोकापर्यंत एका फोटोत आला. मी खूश.

सहायक मात्र घड्याळ लावून बसली होती. प्लेट पिशवीत घालायची, तोंडात ठेवायची, फोटो काढायचा, पिशवी फाडून उजेड लागायच्या आत स्कॅनरमध्ये सरकवायची (उजेडात ठेवली की फोटो उडायला लागतो), वाट बघायची, आणि कोन चुकला असेल तर हेच सगळं पुन्हा. सेन्सरमध्ये चुकलं तर तो जागेवरच असतो, फक्त किरण सोडणारी ट्यूब हलवायची. शिकाऊ हातांना हा फरक फार मोठा. प्लेटवर ओरखडेही पडतात आणि मग ते प्रत्येक फोटोत येत राहतात. दाखवायला आणलेल्या प्लेटवर तर एका दाताची खूण होती.

२१ फेब्रुवारी

निर्णय. २ नंबरचा सेन्सर आणि भिंतीवरचं जनरेटर, म्हणजे एक्स-रे किरण सोडणारं मशीन. १०० पैकी सेन्सर आणि सॉफ्टवेअर ५२, जनरेटर ३१, बसवणं, वायरिंग, नोंदणी आणि प्रशिक्षण १०, हाताशी ७. स्कॅनर या खेपेला नाही. ११ मोठ्या कुत्र्यांच्या सुळ्यांचे दोन-दोन फोटो काढू, एक टोकाचा, एक मधल्या भागाचा.

जनरेटर साधंच. विजेचा दाब ७० केव्ही, प्रवाह ७ एमए, दोन्ही ठरलेले, बदलते फक्त वेळ. डीसी (एकसारख्या दाबावर चालणारं) घेतलं, कारण सेन्सरला लागणारा वेळ इतका कमी असतो की त्यात किरण स्थिर मिळाले पाहिजेत. पॅनेलवर 'मांजर, छोटा कुत्रा, मोठा कुत्रा' अशी बटणं असलेलं मॉडेल जास्त पैशांना होतं. ते सोडलं आणि आम्ही वेळेचा तक्ता करून भिंतीवर चिकटवला.

एक्स-रे मशीनांच्या नियामकाकडच्या नोंदणीचे कागद आजच भरले. मशीन आल्यावर भरू म्हणणाऱ्यांचं मशीन खोक्यात पडून राहतं, असं दोघांकडून ऐकलं होतं.

५ मार्च

मशीन बसवलं. चुकीच्या भिंतीवर.

टेबलाच्या डोक्याकडची भिंत जवळची म्हणून ती निवडली. ती भिंत म्हणजे मागे पोकळ असलेलं पार्टिशन. आर्म पूर्ण लांब केला की ट्यूबचं वजन भिंतीला पुढे ओढतं, आणि हा ओढा वजनाच्या कितीतरी पट होतो. बसवणाऱ्याने विचारलं होतं, "भिंत विटेचीच ना?" मी फोनवर बोलत होतो, मान हलवली.

६ मार्च

सहायक सकाळी म्हणाली, "डॉक्टर, हे हलतंय."

ट्यूब जागेवर आणून सोडली की दोन-तीन सेकंदांत बोटभर खाली उतरते. आधी वाटलं स्प्रिंग सैल असेल. स्प्रिंग आवळली. मग ट्यूब वर जायला लागली. पुन्हा सैल केली. दुपारपर्यंत हा खेळ. शेवटी आर्मला हात न लावता भिंतीवरच्या पट्टीकडे नीट बघितलं, तर वरच्या बोल्टजवळ नखाएवढी फट. फट बघून पोटात गोळा आला. ते वजन भुलेतल्या पेशंटच्या डोक्यावर लटकतं.

लगेच उतरवलं.

१४ मार्च

आठ दिवस वाया. बाजूच्या विटेच्या भिंतीवर, मागून लोखंडी पट्टी घालून, बोल्ट आरपार घेऊन पुन्हा बसवलं. हाताशी ठेवलेल्या ७ पैकी ४ यात गेले. या बाजूला भुलेचं मशीन होतं, ते टेबलाच्या पलीकडे हलवलं, त्यामुळे श्वासाच्या नळ्या लांब घ्याव्या लागल्या. आर्म दोन्ही बाजूंच्या जबड्यापर्यंत पोचतो का, हे या वेळी बसवायच्या आधी दोरीने मोजलं. पोचतो, पण टेबल हातभर सरकवलं तरच.

बटणाची वायर गुंडाळीची, ताणली तरी दारापर्यंत जात नव्हती. बटण बाहेर, खिडकीजवळ घेतलं. आता फोटो काढताना खोलीत पेशंट एकटाच असतो, आम्ही काचेतून छातीची हालचाल बघतो. किरणांची मात्रा मोजणारे बिल्ले सगळ्यांच्या कोटाला.

१७ मार्च

पहिला पेशंट, सात वर्षांचं मांजर. १० फोटो हवे होते, २३ काढले. वेळ ६४ मिनिटं. मोठ्या एक्स-रेच्या टेबलावर ४० मिनिटं गेली म्हणून हे मशीन आणलं होतं.

चुका बहुतेक एकाच प्रकारच्या. खालच्या जबड्यात मागच्या दातांना सेन्सर दाताला समांतर बसतो, तिथे सगळं सोपं. बाकी कुठेही बसत नाही, कारण टाळू सपाट आणि खाली पुढे जबड्याच्या डाव्या-उजव्या भागांचा जोड आडवा येतो. मग दाताचा अक्ष आणि सेन्सर यांच्यामधल्या कोनाचे मनात दोन भाग करायचे आणि किरण त्या मधल्या रेषेवर काटकोनात पाडायचे. वाचायला सोपं आहे. ट्यूब जास्त उभी धरली तर दात दुपारच्या सावलीसारखा आखूड, जास्त आडवी धरली तर संध्याकाळच्या सावलीसारखा लांब. आमच्याकडे दुपार आणि संध्याकाळ दोन्ही भरपूर होते. चार फोटोंत कोपरा गोल कापला गेला, म्हणजे ट्यूबच सेन्सरवर पूर्ण रोखलेली नव्हती.

मशीन बदलून आणायचा विचार संध्याकाळी माझ्या मनात आला होता, हेही लिहून ठेवतो.

१८ ते २८ मार्च

पेशंटवर शिकणं बंद. कॉलेजच्या दिवसांपासून कपाटात पडलेली एक कुत्र्याची आणि एक मांजराची कवटी बाहेर काढली. रोज संध्याकाळी अर्धा तास, दोघं मिळून.

उपयोगी पडलेली युक्ती: बांबूच्या दोन बारीक काड्या. एक दाताच्या अक्षात धरायची; मुळाची दिशा, नुसता बाहेर दिसणारा दात नाही, आणि सुळ्याला तर फसायला होतंच. दुसरी सेन्सरच्या पातळीत. दोन्हींच्या मधोमध डोळ्याने तिसरी रेषा. पाचव्या दिवशी काड्या बाजूला ठेवल्या. वरच्या मागच्या दातांना ४५ अंशांपासून सुरुवात करायची आणि फोटो बघून सुधारायचं, हेही हातात बसलं.

सेन्सर तोंडात घसरतो, त्याला मागून गॉजची घट्ट गुंडाळी लावायची. बोटांनी धरायचा नाही. कोणाच्याही, कधीही.

दुसरं म्हणजे १०८ आणि २०८, वरच्या उजव्या आणि डाव्या मोठ्या दाढा (खरं तर चौथ्या उपदाढा). त्यांना तीन मुळं, पुढची दोन एकमेकांमागे लपतात. ट्यूब पुढे किंवा मागे सरकवून दुसरा फोटो काढला की ती सुटी होतात. ट्यूब ज्या बाजूला गेली त्याच बाजूला सरकलेलं मूळ टाळूकडचं, उलट सरकलेलं गालाकडचं. हे कवटीवर एकदा स्वतः करून बघितल्याशिवाय डोक्यात राहत नाही.

२ एप्रिल

अपघात. कुत्र्याची भूल हलकी झाली होती, सेन्सर तोंडात होता, आणि त्याने जबडा मिटला. सेन्सर वाचला, वायरच्या आवरणावर दाताचा खड्डा पडला. आतली तार शाबूत, फोटो येतो. सेन्सर गेला असता तर १०० पैकी निम्मे गेले असते.

आता नियम: जबड्याचा ताण बघितल्याशिवाय सेन्सर आत जात नाही, आणि शेजारी तोंड उघडं ठेवणारा तुकडा असतोच. मांजराला मात्र स्प्रिंगचा गॅग कधीच नाही. जबडा फार ताणला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवर दाब येतो आणि भुलेतून उठलेलं मांजर आंधळं झाल्याची उदाहरणं आहेत. सुईचं टोपण आखूड कापून वापरतो, तेही फोटोपुरतं.

वायरीचा धोका आणखी एक, सेन्सरला ती जिथे जोडलेली असते तिथे वाकणं. आधी आम्ही सेन्सर वायरीला धरून खुंटीवर लटकवत होतो. आता डबा.

१९ एप्रिल

मांजराच्या वरच्या दाढांवर गालाचं हाड येतं आणि मुळं त्यामागे गडप होतात. कोन बदलून महिनाभर झगडलो. उपाय सेन्सर तोंडाबाहेर ठेवण्याचा निघाला: मांजर कुशीवर, हवी ती बाजू खाली, सेन्सर गालाखाली टेबलावर, तोंड थोडं उघडं, किरण उघड्या तोंडातून तिरके खालच्या बाजूच्या दातांवर. हाड बाजूला, मुळं स्वच्छ.

पण यात किरण आतून बाहेर जातात, त्यामुळे फोटो आरशातल्यासारखा उलटा येतो. सॉफ्टवेअरला ते कळत नाही. आज पडद्यावर जी खराब दाढ २०८ म्हणून लावलेली होती, ती १०८ होती. मी २०८ च्या हिरडीला सुई लावून बसलो होतो. सहकारी डॉक्टर म्हणाले, "थांबा, प्रोब १०८ ला खोल गेला होता ना?" प्रोब म्हणजे हिरडीची खोली मोजायची काडी. तपासणीचा तक्ता बघितला. हो.

आता असा फोटो काढला की सहायक मोठ्याने "उलटा" म्हणते, आणि जागेवरच फोटो पलटवून, नाव टाकून मगच पुढे.

१० मे

शेवटच्या दहा मांजरांची सरासरी: ९ फोटो हवे होते, १२ काढावे लागले, वेळ १४ मिनिटं. कुत्र्यांना २२ मिनिटं. मोठ्या कुत्र्यांच्या सुळ्यांचे दोन-दोन फोटो चालतात, पण दोन्ही फोटोंच्या मधे नेमका पडलेला एक मुळाचा फोड गेल्या आठवड्यात पहिल्यांदा सुटला होता. तिरका फोटो काढल्यावर सापडला.

जानेवारीतलं मांजर आज पुन्हा आलं होतं. ४०७ च्या जागी मूळ हाडात मिसळून गेलंय, त्रास काही नाही. ३०७, म्हणजे डावीकडची तीच उपदाढ, मात्र तशीच दिसायला लागलीये. या वेळी टेबलावरून न हलवता चार मिनिटांत कळलं की मूळ विरघळलेलं आहे, खणायचं नाही, वरचा भाग कापून हिरडी शिवायची. शिवली.

स्कॅनर आणि ४ नंबरच्या प्लेटांचा भाव पुन्हा मागवलाय.